पहिली शेंग

काल्हेरच्या गोडाऊनमध्ये पॅकिंगला लागल्यापासून चहाच्या सुट्टीत मी दोन-दोन वडापाव खायचे. नववीतून शाळा सोडून परभणीहून आलेली, खोलीवर वाट बघणारं कुणी नाही. खाताना तेवढं बरं वाटायचं. वर्षभरात ड्युटीच्या शर्टाची बटणं पोटावर लागेनात. आईला साखरेचा आजार, त्यामुळे भीतीच बसली.

गेटबाहेर एक मावशी उकडलेल्या भुईमुगाच्या शेंगा विकायच्या; मला वडापाव खाताना त्या रोज बघायच्या. नाव कधी विचारलं नाही. वडा सोडून पहिल्या दिवशी त्यांच्याकडे गेले आणि म्हटलं, "मावशी, सोललेल्या न्हाईत का?"

"सोलून द्यायला मी काय तुझी आयस हाय?" त्या हसल्या. माझा चेहरा पडला असणार. त्यांनी एक शेंग अंगठ्यानं फोडली आणि दाणे माझ्या तळहातावर ठेवले. "आता बाकीच्या तूच सोल, पोरी. वडा पोटाला कळायच्या आधी संपतो. सोलत खाल्लं की पोट भरल्याचं कळतं."

मग रोज पहिली शेंग त्याच सोलायच्या.

भातकापणीला त्या गावी गेल्या, त्या परत दिसल्याच नाहीत. शर्टाची बटणं आता नीट लागतात, हे त्यांना दाखवायचं राहिलं. शेंगा मी दुसरीकडून घेते. पण पहिली सोलायला हात लवकर उठत नाही.