बॉनेटवरचा अंगठा

दादाने ड्रॅग रेसच्या गाडीचं वीतभर मॉडेल टेबलावर ठेवलं आणि बॉनेटवरच्या चिकटपट्टीचं टोक चिमटीत धरलं. पट्टीखालची पांढरी रेघ लाल रंगातून सरळ निघायला हवी होती. वर्षभरापासून त्याचा हात थरथरतो. वहिनी चहा घेऊन दारातच थांबली. गाडीकडे कुणीच बघत नव्हतं. आम्ही दोघं त्याच्या बोटांकडे बघत होतो.

खरी गाडी काही सेकंदांत शर्यत संपवते. इथे बोटभर अंतर संपता संपेना. मला तर चीडच येत होती. या वयात स्वतःची अशी परीक्षा घ्यायची कशाला? पण आपल्या हातांवरचा विश्वास माणूस दुसरीकडे कुठे जाऊन तपासणार?

पट्टी सुटली. रेघ स्वच्छ निघाली. आम्ही श्वास सोडला, आणि रंग वाळला का ते बघायला दादाने त्यावर अंगठा टेकवला.

"अहो!" वहिनी ओरडली.

ओल्या लाल रंगात ठसा उमटला होता. तीन आठवड्यांची मेहनत वाया गेली होती.

दादा भिंगातून बराच वेळ बघत राहिला. मग त्याने भिंग माझ्या हातात दिलं.

"बघ, ठशातली एकसुद्धा रेष हललेली नाही."