देवांच्या फळीवरचा थर्मोस्टॅट

आई तीन महिन्यांसाठी पुण्याहून आली आणि पाचव्याच दिवशी म्हणाली, "परतीचं तिकीट अलीकडचं मिळतंय का बघ गं." माझं डोकंच फिरलं.

इथे परदेशात, वुडलँड्सच्या आमच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये तिची गादी माझ्या लेकीच्या खोलीत होती, जवळजवळ एसीच्या झोताखाली. लेक बारा वर्षांची, जन्म इथलाच. एसीशिवाय तिचा अभ्यास होत नाही की तिला झोप लागत नाही. आईचे गुडघे संधिवाताचे. दिवसभर बरे असायचे, संध्याकाळी एसी लागला की धरायचे. ती तक्रार करायची नाही, स्वेटर चढवून गप्प बसायची. त्या गप्प बसण्याचाच मला जास्त राग यायचा. तिने ठरल्याप्रमाणे राहावं एवढीच माझी इच्छा होती, आणि एका यंत्रापायी ती निघाली होती.

यंत्रापुढे हार मानणाऱ्यांतली मी नाही. इथे येण्याआधी आठ वर्षं मी भोसरीच्या एका कारखान्यात इन्स्ट्रुमेंटेशन इंजिनिअर होते. बॉयलरचं तापमान सांभाळणं हे माझं काम. दोष कुठे आहे ते मला लगेच कळलं. एसी तापमान मोजतो ते स्वतःच्या पोटात, छताजवळ. खाली गादीवर माणूस गारठलाय हे त्याला कळणार कसं? मी वायरलेस थर्मोस्टॅट मागवला. त्यातला छोटा सेन्सर खोलीत हवा तिथे ठेवायचा. तो तापमान कळवतो आणि दुसरी डबी रिमोटसारखी एसीला हुकूम सोडते. भिंतीला भोक पाडायचं नाही, अशी घरमालकिणीची ताकीद होती, म्हणून सगळं चिकटपट्टीवर लावलं. नवरा म्हणाला, "टेक्निशियनला बोलावू का?" मी त्याच्याकडे असं काही पाहिलं की तो निमूटपणे चहा टाकायला गेला.

सेन्सरला एसीचा झोत लागता कामा नये, असं माहितीपत्रकात होतं. खोलीत तसा एकच कोपरा होता, आमच्या देवांच्या फळीचा. तिथे सेन्सर ठेवला, सव्वीस अंश लावले आणि हात झटकले.

संध्याकाळी आईने फळीवर समई लावली, तिची स्तोत्रं झाली, आणि अर्ध्या तासात एसी असा सुटला की खोलीत दात वाजायला लागले. "मम्मा, स्पॉइल ऑलरेडी, लाह!" एसी बिघडला, असं लेक तिच्या इथल्या इंग्रजीत ओरडली. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. सकाळी मात्र एसी अगदी शहाण्यासारखा वागायचा.

"राहू दे गं, माझ्यासाठी कशाला एवढं?" आई म्हणाली.

"आता तुझ्यासाठी नाही, माझ्यासाठी!" मी म्हटलं.

चौथ्या संध्याकाळी मी स्टूल घेऊन सेन्सरसमोर ठाण मांडलं. आईने समई लावली आणि माझ्या डोळ्यांदेखत आकडा चढू लागला. अठ्ठावीस, तीस, एकतीस. मी कपाळावर हात मारला. ज्योतीला वारा लागू नये म्हणून समई कोपऱ्यात, आणि वारा लागू नये म्हणूनच सेन्सरही त्याच कोपऱ्यात. एसी बिचारा समईला गार करायला धडपडत होता. आठ वर्षं बॉयलरवर काढलेल्या बाईने हे केलं होतं! मी इतकी हसले की लेक अभ्यास टाकून बघायला आली.

"मग मी दिवा बाहेर लावत जाते," आई घाईघाईने म्हणाली.

"दिवा तिथेच राहील," मी म्हटलं. सेन्सर काढला आणि तिच्या गादीशेजारच्या कपाटाला, उशीच्या उंचीवर, झोताच्या आडोशाला चिकटवला.

आई आयुष्यभर पहाटे पाचला उठत आली आहे. दुसऱ्या दिवशी लेक शाळेला गेली, नवरा ऑफिसला गेला, तरी आईला जाग नव्हती. गुडघे सैल सोडून ती शांत झोपली होती. मी दारात उभी राहून पाहत होते आणि मला स्वतःचा भयंकर अभिमान वाटत होता. लपवायचं कशाला? कारखान्यातल्या कुठल्याही कामाचा इतका वाटला नव्हता.

साडेआठला ती दचकून उठली. "उठवायचं नाहीस का मला?" म्हणून आधी माझ्यावर रागावली. मग तिने पुण्याला माझ्या भावाला फोन लावला; तिचं तिकीट त्यानेच काढलं होतं. "हे बघ," ती म्हणाली, "तिकीट पुढे ढकलता येतं का?"