ओटीचा नारळ आणि बिनक्लचची गाडी

आमच्या चुलत सासऱ्यांनी नागपूरहून जुनी विलायती गाडी आणली आणि तिला क्लचच नाही असं निघालं, तेव्हा अर्ध्या पांढुर्ण्याने तो चोरीला गेला असंच धरलं. (उरलेल्या अर्ध्याने चोराचं नावही सांगितलं!) गिअर म्हणे आपोआप पडतात. खाली दांडा नाही. स्टिअरिंगच्या डाव्या अंगाला एक बारीकसा दांडा आणि समोर इंग्रजी अक्षरांची ओळ. पी म्हणजे गाडी उभी, चाकं जाम. आर म्हणजे मागे, डी म्हणजे पुढे. एवढं आमच्या ह्यांना शिकवून काकांनी ती एका दिवसासाठी दिली, कारण माझी नणंद शालू हिची सोयरीक जमत आली होती आणि आम्हाला सौंसरला मुलाचं घर पाहायला जायचं होतं.

सोयरीक मी आणली होती. सगळं भेव तिथंच होतं. मुलगा माझ्या मावशीच्या शेजारचा, शाळेत विज्ञान शिकवणारा, निर्व्यसनी. मी घरात नवी सून, आणि तोवर माझ्या हातून लोणच्याच्या दोन बरण्या आणि सासऱ्यांचा चष्मा एवढं फुटून झालेलं. निघताना सासूबाईंनी मला बाजूला घेतलं.

"हे पाय, पोरगी एकच हाय मले. यात काही कमीजास्त झालं, तर मी तुले काही म्हणणार नाही."

सासूबाई काही म्हणत नसत तेव्हा आमच्या घरातली मांजरसुद्धा दूध सोडून निघून जायची. वाटेत जामसांवलीच्या फाट्यावर मी मारुतीला तीनदा नमस्कार केला.

पण सौंसरला सगळं छान झालं. घर चांगलं, मागे संत्र्याची बाग, मुलगा शांत. फक्त त्या घरात शेवटचा शब्द मुलाच्या आत्याबाईंचा होता. पाहुण्यांची चप्पल उंबऱ्यात तुटली म्हणून आधीची एक सोयरीक त्यांनी चहा व्हायच्या आधी परत पाठवली होती. त्या आमच्याशी गोड बोलल्या, "दोन दिवसांत कळवतो," म्हणाल्या आणि माझी ओटी भरली. नारळ, तांदूळ, खण, वर घरची डझनभर संत्री. पिशवी उचलताना माझा खांदा खाली आला.

गाडीत सासूबाई मागे, मी पुढे. मांडीवर लाडवांचा डबा. ओटी काही पायाशी ठेवायची नसते. मी इकडेतिकडे पाहिलं तर स्टिअरिंगला तो दांडा! देवानेच खुंटी दिली असं वाटून मी पिशवी त्याला अडकवली. हे बाहेर मुलाच्या बाबांना रामराम करत होते, त्यांनी काही पाहिलं नाही.

मग हे ओट्याकडे पाहत, हात हलवतच बसले, किल्ली फिरवली. काहीच नाही. खर्र नाही, घुर्र नाही. पुन्हा फिरवली, पुन्हा काही नाही. सगळं घर ओट्यावर उभं राहून आम्हाला निरोप देत होतं आणि आम्ही काही जात नव्हतो. हात हलवून हलवून त्यांचेही हात खाली आले.

शेजारचा एक जण बॅटरी उतरली म्हणाला. ह्यांनी हॉर्न दाबला तर दोन बैल दावं तोडायला निघाले. म्हणजे बॅटरी ठणठणीत. दुसऱ्याने पेट्रोल पाहायला सांगितलं, टाकी अर्धी भरलेली. ह्यांनी बॉनेट उघडलं आणि आत डोकं घातलं. (आत काय पाहायचं हे त्यांना ठाऊक नव्हतं, पण तोंड तरी लपलं.) ओट्यावरून आत्याबाईंचा आवाज आला, "निघतानाच अडली, बाई." गेली सोयरीक. शालू घरात बसणार, आणि सासूबाई मला जन्मभर काही म्हणणार नाहीत! मी मारुतीला अकरा नारळ बोलले. मग एकवीस.

तेवढ्यात चारपाच जण "धक्का मारू" म्हणत मागे लागले. हे आतून ओरडले, की अशी गाडी धक्क्याने चालू होत नाही. पण बॉनेटमधला आवाज कोण ऐकतो? गाडी सरकली. पुढे उतार. काकांनी हातब्रेकचं काही सांगितलंच नव्हतं. हे उडी मारून बाजूला झाले आणि बिनड्रायव्हरची गाडी मला आणि सासूबाईंना घेऊन निघाली. मी डोळे मिटले. कडब्याच्या गंजीत शिरून आम्ही थांबलो. मागून सासूबाई काहीच म्हणाल्या नाहीत.

मुलगा सगळ्यांच्या आधी धावत आला, आम्हाला लागलं का विचारलं, आणि मग ह्यांच्याकडे वळला.

"पीवर चाकं जाम असतात, मघाशी गाडी दाखवताना म्हणाले न तुम्ही? मंग ढकलल्यावर ती सरकली कशी?"

हे म्हणाले, "मी पीवरच ठेवली होती, बाप्पा."

माझ्या डोक्यात तेव्हा लख्ख उजेड पडला. कोणी पाहायच्या आत मी पिशवी हळूच ओढली. पिशवीचा बंद दांड्यात अडकला, मी हिसका दिला, आणि बारा संत्री, तांदूळ आणि नारळ ह्यांच्या सीटवर. मुलाने आत वाकून पाहिलं. दांडा आरवर होता. त्याने एकदा दांड्याकडे, एकदा माझ्या हातातल्या रिकाम्या पिशवीकडे पाहिलं आणि दांडा वर पीवर नेला. आरवर अशी गाडी चालूच होत नाही. ह्यांनी किल्ली फिरवली. गाडी एका दमात चालू.

मला कडब्यात तोंड खुपसावंसं वाटत होतं. सीटवरची संत्री पाहून, पिशवीच्या वजनानेच दांडा खाली आला हे सगळ्यांनी ओळखलं होतं आणि सगळं गाव हसत होतं, आत्याबाई सोडून. त्या गाडीपाशी आल्या, मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि सासूबाईंना म्हणाल्या, "गाडीत खोट नव्हती, मंग अपशकुन कायचा? पण एक सांगा. मुलगी वहिनीच्या वळणावर तर नाही न गेली?"

"नाही जी," सासूबाई म्हणाल्या. "पोरगी माह्या हातची हाय. हिले येऊन वर्ष झालं, पण पोरीले मी हिचा वारा लागू देल्ला नाही."

"मंग काढा तिथी."

आणि मी, लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच, सासूबाईंच्या शब्दाशब्दाला मान डोलावत होते. इतकी, की आत्याबाईंनी हळूच विचारलं, "हिले मानेचं काही दुखणं हाय का?"