जांभळ्या पाण्यातली काजळी

अकरा वर्षं मी एका माणसाला लबाड म्हणत आलो. तो भिंगारचा काजळीचा व्यापारी. सुप्याला माझा ठिबकच्या नळ्यांचा लहानसा कारखाना आहे. नळीचं प्लास्टिक मुळात पांढरट; त्यात काजळीची पूड मिसळली की ते काळं होतं. त्याच्या पुडीच्या नळ्या दुसऱ्याच उन्हाळ्यात तडकल्या. शेवगावच्या एका मोसंबीवाल्याने मला बांधावर बोलावलं आणि नळी कडाकडा मोडून दाखवली. "शेट, ही नळी हाय का कुरडई?" त्याच्या घरची माणसं हसली. तिथून मी तडक सुप्याला आलो आणि औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्याकारखान्यात सांगितलं, भिंगारचा तो भेसळ करतो. त्याची गिऱ्हाइकं तुटली. मला बरं वाटलं.

माझी लेक नगरला कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. मागच्या महिन्यात तिचा विसरलेला डबा द्यायला गेलो, तर म्हणाली, "आप्पा, बसा जरा. गंमत दाखवते."

काचेच्या नळीत गडद जांभळं पाणी होतं. दुसऱ्या बाटलीत उसाच्या चिपाडापासून तिने केलेले कार्बनचे कण. कण म्हणजे काय, तर नुसतं तांबूस पाणी दिसत होतं. "एका केसाच्या रुंदीत हजारो मावतील," ती म्हणाली. तिने चार थेंब सोडले. मी बघत राहिलो. जांभळा रंग विटला, मग पिवळट झाला. कुणी हात लावला नाही, तापवलं नाही, हलवलंसुद्धा नाही.

"गेला कुठे रंग?"

"रंग होता तो फ्री रॅडिकलचा," ती म्हणाली. फ्री रॅडिकल म्हणजे एक इलेक्ट्रॉन एकटा पडलेला रेणू. तो शेजाऱ्याचा इलेक्ट्रॉन ओरबाडतो, मग तो शेजारी पुढच्याला ओरबाडतो. आपल्या पेशींत हे चालू असतं आणि त्यातून शरीर झिजतं. कार्बनचा कण हा दरोडा स्वतःवर घेतो, आणि पुढे कुणाला लुटायला जात नाही. या कणांचं औषध व्हायला अजून फार वेळ आहे, हेही तिने बजावलं.

आयुष्यभर मी माल हातात घेऊन, चोळून, वास घेऊन पारखला. आणि इथे डोळ्यांना न दिसणारा माल माझ्यासमोर काम करून गेला होता.

"तुमच्या नळीतही हेच होतं की," ती सहज बोलून गेली. "ऊन प्लास्टिकचे धागे तोडतं, त्यातून हेच लुटारू सुटतात. काजळी ऊन अडवते, शिवाय त्यांना धरते. रंगासाठी थोडीच घालतात!"

मी विचारलं, "दाणा मोठा असला तर?"

तिने तेवढ्याच वजनाची जाड काजळी दुसऱ्या जांभळ्या नळीत टाकली. ती खाली बसली. वरचं पाणी जांभळंच. "सगळं काम दाण्याच्या अंगावर चालतं, आप्पा. पोटातला कार्बन फुकट. बारीक केला की तेवढ्याच वजनाला अंग कितीतरी वाढतं."

माल घ्यायला गेलो तेव्हा त्या व्यापाऱ्याने मला दोन पुड्या दाखवल्या होत्या, बारीक आणि जाड. मी धान्य बघावं तशा तळहातावर चोळल्या. दोन्ही सारख्याच काळ्या. तो बारीकच घ्या म्हणत होता. मला वाटलं, महाग माल गळ्यात मारतोय. तासभर हुज्जत घालून जाड पूड पदरात पाडली आणि जिंकलो म्हणून घरी आलो.

लेकीने हे दाखवलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी भिंगारला गेलो. दुकान निम्मं झालं होतं. तोही थकलेला.

"या शेठ. रस्ता चुकलात?"

"जाड दाणा मीच मागितला होता. भेसळ नव्हती."

"मागितला? भांडून घेतलात! सांगत होतो, नळी उन्हात टिकायची नाही."

माझं डोकं फिरलं. "मग नीट समजावून सांगायचं ना!"

"तुम्ही कुणाला बोलू देता का?"

मी माफी मागितली. तो म्हणाला, "इथे नको. जिथे जिथे माझं नाव घेतलंत, तिथे जाऊन सांगा."

"मोठ्या दोघा-तिघांना सांगतो. बाकीच्यांना आपोआप कळेल."

"सगळ्यांना."

"निम्म्यांना?"

"सगळ्यांना, शेठ."

आयुष्यात पहिल्यांदा मी भाव न पाडता उठलो.

सुप्याला पहिल्याच कारखान्याच्या फाटकातून आत गेलो. आतला मालक माझ्याच वयाचा, तेव्हा माझ्या सांगण्यावरून त्याने भिंगारचा माल बंद केला होता. त्याने चहा मागवला आणि विचारलं, "आज कुणाची तक्रार?"

"माझी," मी म्हणालो.