कप्तानाचा लाल चेहरा

डेपोत त्याला सगळे कप्तान म्हणत. कुठल्या संघाचा कप्तान, हे कधी कोणी विचारलं नाही. तो छाती काढून चालायचा, बसमध्ये चढताना आरशात बघून टोपी सारखी करायचा आणि गाडी अशी चालवायचा की उभ्या माणसालाही दांडा धरावासा वाटू नये. तेवढ्यावरून नाव पडलं ते पडलंच. दारूचा मात्र त्याने थेंबही चाखला नव्हता. वडील पिण्यापायी गेले तेव्हापासून त्याने बाटलीकडे पाठ फिरवली होती.

चाळिशी उलटली आणि त्याचे गाल लाल व्हायला लागले. आधी खिडकीकडचा गाल, मग दोन्ही, मग नाक. वर बारीक पुटकुळ्या. घरी शिवणकाम करणारी बायको मशीनवरून मान वर करून म्हणाली, "अहो, या वयात तारुण्य फुटलं की काय तुम्हाला?"

"फुटू दे की," तो म्हणाला. "तुझं काय जातंय?"

डेपोजवळच्या औषधाच्या दुकानात त्याने नुसता गाल दाखवला. दुकानदाराने एक ट्यूब काढून दिली. ट्यूबने जादू केली. चार दिवसांत चेहरा साफ. कप्तान खूश, बायको खूश. पण लावायची थांबवली की आग व्हायची आणि लाली दुपटीने परत यायची. मग पुन्हा ट्यूब. असं करता करता वर्ष गेलं. चेहऱ्याची कातडी पातळ झाली, लाल रेघा दिसायला लागल्या, आणि दाढी करणं म्हणजे शिक्षा झाली. शेवटी बायकोनेच त्याला त्वचेच्या डॉक्टरांकडे ओढून नेलं.

डॉक्टरबाईंनी भिंग लावून चेहरा पाहिला, मग ट्यूब हातात घेतली.

"ही कोणी दिली?"

"दुकानदाराने."

"यात स्टेरॉइड आहे. तुम्हाला मुळात रोझेशिया आहे, चेहरा लाल करणारा कातडीचा आजार. आपल्या गव्हाळ रंगावर तो पटकन ओळखू येत नाही. त्यात या ट्यूबने तेल ओतलं. आता ही बंद. चेहरा काही आठवडे भयंकर चिडेल. घाबरून परत हिच्याकडे वळायचं नाही."

"मुळापासून जाईल ना?"

"नाही. पण ताब्यात राहील."

"मग झालं तर," कप्तान म्हणाला. "ताब्यात ठेवण्याचंच काम करतो मी."

बाईंनी रात्री लावायला जेल दिलं, काही गोळ्या दिल्या. साबण बंद, सौम्य फेसवॉश, त्यावर मॉइश्चरायझर आणि सकाळी घराबाहेर पडताना सनस्क्रीन. कशाने चेहरा पेटतो ते स्वतः बघायला सांगितलं. कप्तानाच्या लक्षात यायला फार वेळ लागला नाही. ऊन, वाफाळता चहा, तिखट, आणि रस्त्यात आडवे घुसणारे स्कूटरवाले. पहिल्या तिघांचा बंदोबस्त करता आला. खिडकीला पडदा लावून घेतला, चहा कोमट प्यायला लागला, तिखट कमी केलं. सनस्क्रीन आधी बायकोचंच ढापलं. तिने दोन दिवस पाहिलं आणि मोठी बाटली आणून त्याच्यापुढे आदळली.

बाई म्हणाल्या होत्या तसंच झालं. ट्यूब सुटल्यावर चेहरा भाजल्यासारखा झाला, नाक तर कंदिलासारखं. नेमक्या त्याच दिवसांत एका प्रवासी बाईंनी तक्रार केली. ड्रायव्हर प्यायलेला दिसतो, डोळेसुद्धा लाल आहेत.

डेपो मॅनेजरने त्याला सगळ्यांसमोर फुंकायला लावलं. यंत्राने शून्य दाखवलं. कंडक्टर मोठ्याने हसला. मॅनेजर मात्र हसला नाही.

"कप्तान, तू पीत नाहीस हे मला माहीत आहे. पण लोकांना काय सांगू? तोंड बरं होईपर्यंत ऑफिसात बस."

कप्तानाच्या कानापर्यंत आग गेली, पण आवाज चढला नाही. "साहेब, गाडी मी हातापायांनी चालवतो, तोंडाने नाही. हवं तर प्रत्येक फेरीआधी फुंकतो, प्रवाशांच्या देखत. एकदा जरी आकडा दिसला तर किल्ली तुमच्या टेबलावर ठेवतो."

मॅनेजरला नाही म्हणता येईना. त्या दिवशी कप्तान प्रत्येक फेरीआधी बसच्या दारात उभा राहून फुंकला आणि आत बघून म्हणाला, "मंडळी, कातडीचा आजार आहे. लागत नाही, चढत नाही. बसा निवांत." लोक हसले आणि बसले.

घरी येताना मात्र त्याला तक्रारीतली एक गोष्ट डाचत राहिली. डोळे. डोळ्यांत वाळू गेल्यासारखं त्याला बरेच दिवस वाटत होतं, संध्याकाळी समोरच्या दिव्यांना झालर दिसत होती. हे त्याने डॉक्टरांना सांगितलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी तो आधी दवाखान्यात गेला.

"हे आधी का नाही बोललात?" बाई म्हणाल्या. "हा आजार डोळ्यांतही उतरतो." त्यांनी लगेच डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. तिथे थेंब मिळाले आणि पापण्या कोमट फडक्याने शेकायला सांगितलं.

तिथून कप्तान थेट मॅनेजरच्या खोलीत गेला. "साहेब, रजा पाहिजे."

"काल तर ताठ्यात होतास."

"काल चेहऱ्यासाठी बसवत होतात, ते नको होतं. ही डोळ्यांसाठी आहे. दिवे नीट दिसल्याशिवाय मी स्टिअरिंगला हात लावणार नाही."

मॅनेजरने तिथल्या तिथे रजा मंजूर केली.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर तो कामावर आला. चेहराही हळूहळू निवत गेला. पुटकुळ्या गेल्या, आग थांबली, गालांवर फिकट लाली उरली. कंडक्टर त्याला सनस्क्रीन लावताना बघून "हिरो" म्हणायचा. पुढे उन्हात स्वतःचे गाल जळल्यावर त्यानेच हळूच बाटली मागितली.

एका सकाळी एक वयस्कर बाई चढल्या आणि ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसल्या. उतरायच्या आधी म्हणाल्या, "तुमची तक्रार मीच केली होती. कंडक्टरने नंतर सगळं सांगितलं. मला वाईट वाटलं."

"वाईट कशाला वाटून घेता, मावशी?" कप्तान आरशातून म्हणाला. "खरंच प्यायलेला असतो तर? आणि तुम्ही डोळ्यांचं बोलला नसतात तर मी तसाच रेटत राहिलो असतो. पुन्हा कोणी संशयास्पद दिसला तर बेलाशक तक्रार करा."

"तुमचीसुद्धा?"

"माझीसुद्धा. फुंकायची सवय झालीय आता."

मावशी हसत उतरल्या. ऊन वर आलं होतं, आणि कप्तानाचे गाल थोडे गरम झाले होते. त्याने पडदा ओढला, बाटलीतलं गार पाणी प्यायलं आणि दार लावून गाडी पुढे काढली.