'इन्स्टॉल करण्यापूर्वी'चं पान

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी लखनौच्या एका संशोधन संस्थेत प्रोग्रामर म्हणून लागलो. संस्थेच्या सर्व्हरवर औषधी वनस्पतींची माहिती साठवलेली होती. बाहेरगावच्या शास्त्रज्ञांना ती आपापल्या प्रोग्राममधून मागवता यावी, म्हणून मी सी भाषेत एक छोटी क्लायंट लायब्ररी लिहिली. ती फ्लॉपीवर घालून पोस्टाने पाठवायची, सोबत 'इन्स्टॉल करण्यापूर्वी काय काय हवं' याचं एक पान. ते पान मी घाईघाईत उरकलं. युनिक्स, सी कंपायलर, मोडेम. झालं.

आमच्या विभागातल्या वरिष्ठ बाई नागपूरच्या. यजमान हवाई दलात, म्हणून त्या इकडे आलेल्या. सगळे त्यांना मॅडम म्हणत, मी एकटा ताई. त्यांनी पान वाचलं.

"अच्छा. एवढं असलं की चालेल?"

"हो, ताई."

"मग लावून बघू."

त्यांनी स्टोअरमधून एक पीसी मागवला, त्याची डिस्क साफ पुसली आणि पानावर होतं तेवढंच तिच्यावर चढवलं. मी काही सांगायला तोंड उघडलं, तर म्हणाल्या, "तू गप्प बसायचं. फ्लॉपीबरोबर पाकिटात तू जाणार आहेस का?"

आधी कंपायलर जुना निघाला. मग कंपायलरला लागणारी एक हेडर फाइल सापडेना. ती मिळाली, तर फोल्डरमध्ये लिहायची परवानगी नाही. दर वेळी ताई थांबत, पानावर एक ओळ वाढवत आणि डिस्क पुन्हा पुसत.

"पुन्हा पहिल्यापासून?" मी कळवळून विचारलं.

"हाँ भई, पुन्हा. आपण आत्ता चढवलंय ते त्यांच्याकडे असेलच कशावरून?"

मधेच वीज जायची. थंडीचे दिवस होते. मग ताई बाहेर उन्हात बसून निशातगंजच्या बाजारातून आणलेले मटार सोलायच्या, आणि पीसीचा पंखा फिरलेला ऐकू आला की आत यायच्या. वैतागलेलं मी त्यांना कधी पाहिलं नाही.

पान पुरं झालं तेव्हा मी ते दोनदा वाचलं. काय हवं, एवढंच त्यात नव्हतं. ते आपल्याकडे आहे की नाही हे कसं बघायचं, तेही प्रत्येक गोष्टीपुढे होतं. 'ही कमांड टाइप करा. हा आकडा किंवा याहून मोठा दिसला, तर पुढे जा. लहान दिसला, तर इथेच थांबा आणि आधी नवा कंपायलर मिळवा.' वाचणाऱ्याची इतकी काळजी घेणारं तांत्रिक लिखाण मी तोवर पाहिलं नव्हतं.

काही महिन्यांनी पहाडातल्या एका केंद्रावरच्या वनस्पतिशास्त्रज्ञ बाई कामानिमित्त संस्थेत आल्या. दारातूनच त्यांनी विचारलं, "वो पहला पन्ना किसने लिखा है?"

मी ताईंकडे बोट केलं.

"हमारे यहाँ कंप्यूटर वाला कोई है ही नहीं," त्या म्हणाल्या. "पढ़ते हुए लगा, कोई बगल में बैठकर बता रहा है. पहली बार में चल गया!"

ताईंचा चेहरा खुलला. पण लगेच खुर्ची पुढे ओढून त्यांनी विचारलं, "कहीं तो अटकी होंगी आप? सच बताइए."

पाहुण्या जरा संकोचल्या. मग म्हणाल्या, डिस्कवर जागा किती हवी ते लिहिलंय, पण ती फ्लॉपीवर आवळून भरलेल्या फाइली उलगडण्याआधीची की नंतरची, ते कळेना.

"अरे हो!" ताई मराठीतच उद्गारल्या. पेन काढून त्यांनी ती ओळ तिथल्या तिथे बदलली, पाहुण्यांना वाचून दाखवली, आणि त्यांनी मान डोलावल्यावरच कागद माझ्या हातात टाइप करायला दिला. मग दोघी चहाला गेल्या.