दोन गाण्यांमधला आवाज

कॅसेटभाऊ गाणी विकत, पण ऐकत नसत. ते ऐकत दोन गाण्यांमधली जागा. एक गाणं संपून दुसरं सुरू होईपर्यंतची ती खरखर आली, की समोरचं गिऱ्हाईक बोलत असलं तरी ते बोट वर करून त्याला गप्प बसवत आणि टेपरेकॉर्डरच्या जाळीला कान लावत. नवख्या माणसाला भीती वाटावी, असा तेव्हा त्यांचा चेहरा होई.

पैठण गेटजवळ त्यांचं दुकान होतं आणि वरच्या खोलीत मी राहत असे. मी शाळेत शिकवायचो; शाळा सुटली की त्यांच्या बाकड्यावर बसायचो. ती दुष्काळाची वर्षं होती. तरी जालना रोडला शेतांच्या जागी मंगल कार्यालयं उभी राहत होती, टँकरच्या पाण्यावर लग्नं लागत होती आणि प्रत्येक लग्नाला वरातीची धडधडीत गाणी हवी होती. भाऊ म्हणत, "पाणी नसलं तर लोक कळ काढतेत सर. पण गाणं नसलं तर वरात जागची हालत नाय."

भाऊ देवगाव रंगारीकडच्या धनगराच्या घरातले. त्यांचे वडील, आबा, मेंढरांमागं फिरत ओव्या गात. ही ओवी एकट्यानं गायची नसते. गाणारा ओळ टाकून थांबतो, मागचा माणूस तिचा शेवट उचलून सूर लांबवतो. त्याला झील धरणं म्हणतात. झील मिळाल्याशिवाय गाणारा पुढं जात नाही. लहानपणापासून आबांची झील भाऊच धरत. पण आबांची कॅसेट काढायची ठरली, तेव्हा त्यांनी आबांना एकट्यालाच गायला लावलं. सिनेमाच्या गाण्यात एकच आवाज स्वच्छ येतो, तसा आपल्या मालातही यावा, असं त्यांच्या डोक्यात होतं. आबा सवयीनं प्रत्येक ओळीनंतर थांबले, मुलाकडं बघत राहिले. भाऊंनी ओठांवर बोट ठेवलं.

"मागं कुणी नाय, तर मी सांगू कुणाला रं?" आबा नंतर एवढंच म्हणाले होते.

ती कॅसेट कुणी घेतली नाही. ज्यांच्या घरची ती ओवी, त्यांची पोरंसुद्धा वरातीचीच गाणी मागत. लग्नसराईत कोऱ्या कॅसेटी मिळेनाशा झाल्या, तेव्हा भाऊंनी आबांचा पडून राहिलेला गठ्ठा सोडला आणि त्याच कॅसेटींवर वरातीची गाणी भरून विकली. पहिली, मूळ कॅसेटही त्यातच गेली. "आबाला काय, पुन्यांदा गायला बसवू," असं ते म्हणाल्याचं मला आठवतं. आबा तेव्हा मेंढरं घेऊन पाण्यासाठी गोदावरीकडं उतरले होते. ते वाटेतच वारले.

मग कॅसेटी परत येऊ लागल्या. भाऊंचं यंत्र जुनं होतं, खालचा आवाज पुरता पुसत नव्हतं.

"क्या भाई, इसमें कोई बुड्ढा बैठा है क्या?" एक रिक्षावाला काउंटरवर कॅसेट आपटून म्हणाला. "शादी का गाना रुका, के ये मेंढे हकालता! घरवाली डर गई ना!"

भाऊंनी त्याला दोन नव्या कॅसेटी दिल्या आणि ती जुनी छातीशी धरली. त्यानंतर ते गावोगाव जाऊन आपल्याच कॅसेटी शोधू लागले. लासूर स्टेशनच्या बाजारात कुणीतरी टोमणा मारला, "का भाऊ, बाप इकला अन् आता परत मागतो व्हय?"

"व्हय," भाऊ म्हणाले.

हाती लागे ते आबांचं खाकरणं, एखादा अर्धा शब्द. अख्खी ओळ कुठंच नव्हती. शेवटी फर्दापूरच्या एका हॉटेलवाल्याकडून आणलेली कॅसेट घेऊन ते भर दुपारी माझ्या खोलीत आले. "सर, दार लावून घ्या."

वरातीचं गाणं संपलं. खरखर आली. तिच्यातून, कोरड्या विहिरीच्या तळातून यावा तसा, म्हातारा आवाज आला, "पाण्याच्या वाटंला लागली मेंढरं..." आणि थांबला. भाऊंनी डोळे मिटून झील धरली. मी त्यांना गाताना कधी ऐकलं नव्हतं. दम संपेपर्यंत त्यांनी सूर ओढला. फीत नुसती फिरत राहिली. ते गप्प झाले, तेव्हाच पुढची ओळ आली.

मी योगायोग म्हणालो. भाऊंनी फीत मागं घेतली आणि या वेळी झील मुद्दाम आखूड धरली. ओळ लगेच आली.

"थांबतोय सर," भाऊ म्हणाले. त्यांचा चेहरा मी इतका निवांत कधी पाहिला नव्हता. त्यानंतर रोज दुपारी ते वर येत आणि दार लावून बापामागं झील धरत.

पुढं दम्यानं भाऊ गेले. दुकानात आता मोबाईलची कव्हरं मिळतात. ती कॅसेट त्यांनी माझ्याकडंच ठेवली होती. त्यांच्या तेराव्यानंतर मी ती एकदा लावली. वरातीचं गाणं संपलं, ओळ आली आणि थांबली. मला झील येत नाही. फीत फिरत राहिली, खरखर होत राहिली, आणि कुणीतरी माझ्या तोंडाकडं बघत बसलं आहे, असं वाटू लागलं. पुढची ओळ आली नाही. पुढचं गाणंही सुरू झालं नाही. शेवटी मीच हात लांबवून टेपरेकॉर्डर बंद केला.